सुकाणूची कडी आणि आमची काटकसर

कापडाच्या गादीवर बसणाऱ्या माणसाने होडीच्या सुकाणूबद्दल लिहावे, याचे आपणास कदाचित आश्चर्य वाटेल. आमचे वडील कापडच विकत आणि आम्हीही तेच विकतो. परंतु रत्नागिरीसारख्या बंदराच्या गावात कोणताही धंदा समुद्रापासून पूर्णपणे वेगळा राहत नाही. आमचे निम्मे गिऱ्हाईक राजिवडा, कर्ला, मिरकरवाडा या वस्त्यांतील आहे. मासळी आली की त्यांच्या घरात कपडा येतो. मासळी आली नाही की आमच्या वहीत उधारी वाढते. शिवाय गेली अनेक वर्षे एका लहान होडीत आमचा एक तृतीयांश हिस्सा आहे. तेव्हा या विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार आम्हास आहे, असे आम्ही समजतो. हा अधिकार आम्ही नुकसान सोसून मिळवला आहे, हेही येथेच सांगून टाकतो.

ज्या बांधवांचे पैसे होड्यांत गुंतलेले आहेत, त्यांच्यासाठी आणि जे लोहार, टर्नर, सुतार, फिटर होड्यांची कामे करतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. इतरांनीही तो वाचण्यास हरकत नाही, कारण यातील हिसाब सर्वच धंद्यांना लागू पडतो.

अठराशे रुपयांची बचत

२००९ सालच्या पावसाळ्यात आमची होडी खाडीकिनारी वर ओढलेली होती. बत्तीस फूट लांबीची लाकडी होडी, दोन सिलिंडरचे इंजिन, जाळी टाकून मासेमारी करणारी. मिस्त्रीचाचांनी तळ तपासला आणि निरोप पाठवला की, सुकाणूच्या सर्वांत खालच्या कडीचे बोल्ट बदलावे लागतील. त्यांचा आग्रह असा होता की, गनमेटलची सळई आणून लेथवर नवे बोल्ट कातून घ्यावेत, कारण कडीची पट्टी गनमेटलची आहे.

आम्ही बाजारात चौकशी केली. एका दुकानात त्याच मापाचे पिवळे बोल्ट तयार होते. दुकानदार म्हणाला, "गनमेटलच समजा." आम्ही भाव केला आणि मोठ्या समाधानाने घरी आलो. सुमारे अठराशे रुपये वाचले होते. मिस्त्रीचाचांनी बोल्ट हातात घेऊन फिरवून पाहिले आणि म्हणाले, "शेठ, रंगावर जाऊ नका. हा पाण्यात राहणारा माल आहे." आम्ही हसून उत्तर दिले, "चाचा, पितळ काय आणि गनमेटल काय, गंज तर दोघांनाही चढत नाही." ते वयाने मोठे, परंतु पैसा आमचा. ते गप्प राहिले आणि त्यांनी बोल्ट बसवले.

दोन हंगाम ठीक गेले. नोव्हेंबर २०११ मध्ये एका संध्याकाळी ओहोटीच्या वेळी होडी भाट्ये खाडीच्या मुखातून आत येत होती. या मुखाशी वाळूचा पट्टा साचतो आणि तेथे लाटा फुटतात, हे रत्नागिरीकरांना सांगावयास नको. तेथे होडीचे तोंड सरळ ठेवणे हाच एक उपाय असतो. नेमक्या त्याच जागी खालच्या कडीचे बोल्ट तुटले. सुकाणू वरच्या दोन कड्यांवर लोंबकळले, पिळले आणि एका बाजूस अडकून बसले. तांडेलांनी दांड्यावर सर्व जोर लावला, पण दांडा हलेना. होडी लाटेला आडवी झाली आणि वाळूवर बसली.

त्या वेळी होडीवर सहा माणसे होती. मागून येणाऱ्या दुसऱ्या एका होडीने दोर फेकला आणि बऱ्याच खटपटीनंतर आमची होडी ओढून काढली. सहाही जण जिवंत घरी आले. परंतु एक तरुण खलाशी इंजिनाच्या पेटीवर आपटला. त्याचा उजवा खांदा मोडला. तो हात आजही खांद्याच्या वर जात नाही. जाळे ओढणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो हात संपला.

नंतर तुटलेले बोल्ट आमच्या हातात आले. बाहेरून पिवळे दिसणारे ते बोल्ट तुटलेल्या जागी गुलाबी होते. नखाने खरवडले तर भुगा पडत होता. अठराशे रुपयांची आमची काटकसर ती हीच.

हे 'सुकाणू' म्हणजे काय?

आम्ही उर्दू शाळेत शिकलो, त्यामुळे हा शब्द आम्हास प्रथमपासून ओळखीचा वाटला. अरबीत होडीच्या या भागाला 'सुक्कान' म्हणतात. त्याचेच मराठीत सुकाणू झाले. नाखवा हा फारसी 'नाखुदा' म्हणजे नावेचा धनी. असे कितीतरी शब्द व्यापारी गलबतांतून या किनाऱ्यावर उतरले आणि येथील सर्व दर्यावर्दींचे होऊन गेले.

अरब कारागिरांच्या जुन्या होड्यांच्या फळ्या नारळाच्या काथ्याने शिवलेल्या असत. ११८३ साली प्रवासी इब्न जुबैर याने तांबड्या समुद्रावरील ऐजाब बंदरात अशा शिवलेल्या होड्या पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. १२३७ साली अल-वासिती या चित्रकाराने 'मकामात-ए-हरीरी' या ग्रंथासाठी काढलेल्या एका चित्रात होडीच्या पाठीमागे मधोमध लावलेले सुकाणू स्पष्ट दिसते. ते हस्तलिखित आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. शिवलेल्या होडीत दोर झिजला की डोळ्यांना दिसे आणि नवा टाका घालता येई. पुढे खिळे, पट्ट्या आणि बोल्ट आले. होड्या मजबूत झाल्या, परंतु झीज लाकडाच्या आत, डोळ्यांआड गेली. सुकाणूच्या देखभालीची खरी अडचण येथूनच सुरू होते.

दाराची बिजागरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सुकाणूची जोडणी समजण्यास वेळ लागणार नाही. होडीच्या मागच्या उभ्या खांबावर कड्या असतात आणि सुकाणूच्या फळीवर खुंटे असतात. खुंटा कडीत उतरतो आणि त्यावर सुकाणू फिरते. आमच्या होडीत अशा तीन जोड्या आहेत. कडी आणि खुंटा या दोन्हींना लांब पट्ट्या असतात. त्या पट्ट्या लाकडाला दोन्ही बाजूंनी कवटाळतात आणि आरपार बोल्टांनी आवळल्या जातात. सर्वांत खालचा खुंटा थोडा अधिक लांब ठेवण्याची चांगल्या कारागिरांची रीत आहे. तो आधी आपल्या कडीत शिरतो, मग वरचे खुंटे जागेवर आणणे सोपे जाते.

सर्व ओझे या जोड्यांवर येते. पंख्याने फेकलेले पाणी सुकाणूवर आदळते, लाट त्याला बाजूने ढकलते, वाळू खालून ठोकर देते. पण बोल्ट जाडीला बोटाएवढाच असतो.

धातूंचे आपसांतील वैर

आमच्या बोल्टाचे काय झाले, हे समजण्यासाठी थोडे धातुशास्त्र पाहावे लागेल. दोन वेगळ्या जातींचे धातू एकमेकांना टेकवून खाऱ्या पाण्यात ठेवले की त्यांची एक लहानशी विजेची बॅटरीच तयार होते. त्यातील दुबळा धातू झिजत जातो आणि सबळ धातू सुरक्षित राहतो. जस्त सर्वांत दुबळ्यांपैकी आहे. त्यानंतर लोखंड, मग पितळ, तांबे, गनमेटल, अशी ढोबळमानाने चढण समजावी.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. समुद्राच्या पाण्यात त्यातील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे उरतो तो तांब्याचा पोकळ स्पंज. आकार तोच, माप तेच, पण जीव गेलेला. रंग मात्र गुलाबी होतो. आमच्या बोल्टांना गनमेटलच्या पट्टीची सोबत होती, म्हणून ही क्रिया आणखी लवकर झाली. गनमेटलमध्ये मुख्यतः तांबे आणि कथील असते. जुन्या आरमारी प्रमाणानुसार शंभरात ८८ भाग तांबे, १० भाग कथील आणि केवळ २ भाग जस्त. म्हणूनच ते समुद्रात टिकते.

हा धडा मोठमोठ्या सरकारांनाही पैसे मोजून शिकावा लागला आहे. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले आणि ते वेस्ट इंडीजकडे पाठवले. सुमारे दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा पत्रे ठोकण्यासाठी वापरलेले लोखंडी खिळे ठिकठिकाणी कुजून गेलेले आढळले. मात्र काही खिळे अगदी शाबूत होते. का? तर पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही ठिकाणी काढावयाचा राहून गेला होता. कागदामुळे तांबे व लोखंड एकमेकांना टेकले नाहीत आणि खिळे वाचले.

पुढे १८२४ साली शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी असे सुचवले की, तांब्याच्या पत्र्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडावा. तो तुकडा स्वतः झिजेल आणि तांबे वाचवील. तांबे खरोखरच वाचले. परंतु तांबे पाण्यात थोडे थोडे विरघळते म्हणूनच तळाला शेवाळ व शिंपले धरत नाहीत. ते विरघळणे थांबताच तळाला शिंपल्यांचा थर चढला आणि तो प्रयोग त्या जहाजांवर सोडून द्यावा लागला. डेव्ही यांची कल्पना मात्र आजही जिवंत आहे. होडीच्या तळाला लावतात ती जस्ताची वडी, जिला बाजारात नुसते 'झिंक' म्हणतात, ती हीच होय.

माल ओळखावा कसा?

आम्ही कापडवाले. कोणी टेरिकॉट दाखवून सुती म्हणून सांगू लागला तर आम्ही त्यातील एक धागा काढून काडी लावतो. सूत असेल तर कागदासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी बनतो. तीस वर्षांत या बाबतीत आम्हास कोणी फसवू शकले नाही. आणि त्याच आम्ही धातूच्या दुकानात जाऊन केवळ रंग पाहिला! आपल्या धंद्यात शंभर प्रश्न विचारणारा माणूस दुसऱ्याच्या धंद्यात एकही प्रश्न विचारीत नाही, हा आमचा ऐब होता.

म्हणून खरेदी करताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, बोल्ट, पट्टी, खुंटा आणि नट शक्यतो एकाच धातूचे असावेत. गनमेटलच्या पट्टीला गनमेटल किंवा सिलिकॉन ब्राँझचे बोल्ट, लोखंडी पट्टीला गरम जस्तात बुडवलेले लोखंडी बोल्ट. मिश्रण केले की वैर सुरू झाले.

दुसरी गोष्ट, नावावर जाऊ नये. 'मँगनीज ब्राँझ' या नावाने मिळणारा धातू नावाने ब्राँझ असला तरी त्यात जस्ताचे प्रमाण मोठे असते. जातीने तो पितळच होय. पाण्याखालच्या बोल्टांसाठी तो घेऊ नये.

तिसरी गोष्ट, रंग पाहावयाचाच असेल तर कानस मारून ताजा चरा पाडावा. पितळाचा चरा पिवळा दिसतो, गनमेटलचा तांबूस. परंतु ही खूण केवळ संशय घेण्यापुरती आहे. खात्री हवी असेल तर ओळखीच्या ओतशाळेतून सळई घ्यावी आणि पावतीवर धातूचे नाव लिहून मागावे. लिहून देण्यास जो कचरतो त्याचा माल परत करावा.

चौथी गोष्ट स्टेनलेस स्टीलची. ते चकाकते, म्हणून आजकाल सर्वांना आवडते. पण स्टेनलेसला आपले तेज टिकविण्यासाठी हवेतील किंवा पाण्यातील प्राणवायू लागतो. ओल्या लाकडाच्या आत, पट्टीच्या फटीत तो मिळत नाही आणि तेथे बोल्टाला आतल्या आत खड्डे पडतात. डोके चकचकीत आणि मधला भाग खाल्लेला, असे बोल्ट आम्ही स्वतः पाहिले आहेत. घ्यावयाचेच असेल तर ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे घ्यावे. लोहचुंबक लावून या दोहोंतील फरक कळत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

दुरुस्तीचा क्रम

अपघातानंतर मिस्त्रीचाचांनी आमच्यासमोर सर्व काम नव्याने केले. या वेळी आम्ही दुकान पुतण्यावर सोपवून दोन दिवस तेथे बसून राहिलो आणि जे पाहिले ते येथे देत आहोत.

प्रथम सुकाणू पूर्ण उतरवले. जागेवर ठेवून केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मग प्रत्येक बोल्ट ठोकून बाहेर काढला. बोल्टांची भोके बारीक टोच्याने तपासली. लाकूड काळे आणि मऊ लागले तेथे ते निरोगी लाकूड लागेपर्यंत कोरून काढले, त्यात सागवानाची गोल खुंटी चिकटवून बसवली आणि ती पूर्ण वाळल्यावर नवे भोक पाडले. कुजलेल्या लाकडात नवा बोल्ट घालणे म्हणजे जीर्ण कापडाला नवे बटण शिवण्यासारखे आहे. बटण राहते, कापड फाटते.

त्यानंतर खुंटे आणि कड्या. खुंटा एका बाजूने झिजून लंबगोल झाला होता. तो लेथवर धरून पुन्हा गोल केला. त्यामुळे तो बारीक झाला, म्हणून कडीचे भोक मोठे करून त्यात नवा बुश ठोकून बसवला. बुश हा स्वस्त आणि बदलता येण्याजोगा भाग आहे. झीज त्यानेच सोसावी, खुंट्याने नव्हे. आजकाल प्लॅस्टिकच्या जातीचे बुशही मिळतात. त्यात नायलॉन पाणी पिऊन फुगते, म्हणून त्याला थोडी अधिक मोकळीक ठेवावी लागते. नाहीतर कोरड्यात सहज फिरणारे सुकाणू पाण्यात गेल्यावर जड होते.

मग सर्वांत नाजूक काम आले. तिन्ही कड्या एका सरळ रेषेत आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी मिस्त्रीचाचांनी वरच्या कडीतून खालच्या कडीपर्यंत बारीक दोरा ताणून बांधला. मधल्या कडीच्या भोकात दोरा अगदी मध्यावर आला पाहिजे. आमच्या होडीत तो एका बाजूला होता. म्हणजे इतकी वर्षे सुकाणू वाकड्या बिजागरीवर फिरत होते आणि सर्व ताण खालच्या कडीवर येत होता. पट्टीखाली पातळ पाचर देऊन ती कडी रेषेत आणली.

पट्टी बसवताना लाकूड आणि धातू यांच्यामध्ये पाणी न शिरू देणारे लुकण भरले. पूर्वी डांबरात भिजवलेले कापड घालीत, आता तयार मसाल्याच्या नळ्या मिळतात. बोल्ट आरपार, दोन्ही बाजूंना वॉशर आणि नट, आणि नट सुटू नये म्हणून बोल्टाचे टोक हलके ठोकून पसरवलेले. शेवटी वरच्या खुंट्यावर अडणी लावली. सुकाणूला वाळूची ठोकर बसली की ते वर उचलले जाते. अडणी किंवा स्प्लिट पिन नसेल तर खुंटे कड्यांतून बाहेर येतात आणि सुकाणू समुद्रात जाते. भाट्येसारख्या उथळ मुखातून जाणाऱ्या होडीला ही अडणी नसेल तर ती होडी बाहेर काढू नये.

फायबरच्या होड्यांत लाकूड कुजण्याचा प्रश्न नसला तरी निश्चिंत राहू नये. तेथे बोल्टांभोवती केसासारख्या बारीक चिरा दिसतात का ते पाहावे आणि आतील बाजूने मोठी पट्टी देऊनच बोल्ट आवळावेत. ज्या मोठ्या नौकांत सुकाणूचा दांडा तळातून वर येतो, तेथे ग्लँडमधील पॅकिंग तपासावे. हे पॅकिंग म्हणजे वंगणात भिजवलेला सुताचा विणलेला दोर. आमच्याच धंद्याचा माल, परंतु तो सुकला की होडीत पाणी येते.

वर्षभराची देखभाल

अलीकडच्या वर्षांत साधारणपणे १ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या वर असतात, कारागीर हाताशी असतात. हाच देखभालीचा हंगाम होय. तो जाळी विणण्यात आणि रंग देण्यात संपून जातो आणि सुकाणूकडे कोणी पाहत नाही.

होडी वर काढताच सुकाणूचे खालचे टोक दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली हलवून पाहावे. खुंटा आणि कडी यांच्या फटीत नख शिरू लागले की काम काढावे, हा आमच्या मिस्त्रीचाचांचा मापदंड आहे. प्रत्येक बोल्टावर लहान हातोडीने टिचकी मारावी. चांगला बोल्ट खणखणीत वाजतो, आतून गेलेला बोल्ट बद्द वाजतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दरवर्षी पाण्याखालचा निदान एक बोल्ट पूर्ण बाहेर काढून पाहावा. यंदा एक, पुढल्या वर्षी दुसरा. बाहेरून पाहून बोल्टाची प्रकृती कळत नाही.

झिंकची वडी निम्मी झिजली की बदलावी. ती झिजत आहे म्हणजे ती काम करीत आहे. तिच्यावर रंग मारू नये. रंगाखाली ती निरुपयोगी होते आणि आम्ही दरवर्षी कोठे ना कोठे अशी रंगवलेली वडी पाहतो. ज्या धातूचे रक्षण करावयाचे त्याला ती उघड्या धातूने टेकलेली असावी. मात्र लाकडी होडीला गरजेपेक्षा जास्त झिंक लावणेही बरे नव्हे. त्यामुळे धातूजवळ खार तयार होतो आणि भोवतालचे लाकूड मऊ पडते. शेवाळ रोखणारा तांबेयुक्त रंग उघड्या लोखंडी पट्टीवर थेट देऊ नये, आधी अस्तर द्यावे.

हंगामात तांडेलांचे म्हणणे ऐकावे. दांडा हातात थरथरतो, मागून खट् खट् आवाज येतो, होडी एका बाजूला ओढते, सुकाणू अचानक जड झाले, यातील एकही तक्रार आली तर 'हंगाम संपल्यावर पाहू' असे म्हणू नये. सुकाणूच्या मागच्या कडेला पाण्याच्या वर एक भोक पाडून ठेवावे. दांडा मोडला तर त्यातून दोर ओवून दोन्ही बाजूंनी ओढून होडी वळवता येते. एक लांब वल्हे होडीवर कायम असावे. सुकाणूच गेले तर तेच सुकाणू होते.

हिसाब

आता व्यापाऱ्याच्या भाषेत बोलू. २००९ साली आम्ही अठराशे रुपये वाचवले. २०११ साली जाळी गेली, इंजिनात पाणी शिरले, होडी ओढून आणणाऱ्यांचे देणे झाले आणि अर्धा हंगाम होडी किनाऱ्यावर पडून राहिली. आमच्या वाट्याला जो तोटा आला त्यात तसे बोल्ट आयुष्यभर बदलता आले असते. हा झाला वहीतला हिसाब.

परंतु वहीत न मावणारी एक बाब आहे. होडीवर आम्ही नव्हतो. काटकसर आम्ही केली आणि तिची किंमत दुसऱ्याच्या खांद्याने चुकवली. कापडात आम्ही चूक केली तर आमचे थान पडून राहते. होडीत मालकाने चूक केली तर ती दुसऱ्यांच्या मुलाबाळांपर्यंत जाते. होडीवर चढणारा खलाशी बोल्ट काढून पाहत नाही. मालकाने पाहिले असेल, असे तो धरून चालतो. हा विश्वास म्हणजे अमानत आहे आणि ती पाण्याखाली, कोणाला न दिसणाऱ्या जागी ठेवलेली आहे.

कारागिरांनाही आमचे दोन शब्द आहेत. मालक चुकीचा माल आणून देत असेल तर मिस्त्रीचाचांप्रमाणे एकदा सांगून गप्प बसू नका. सरळ सांगा की, या बोल्टांनी आम्ही काम करणार नाही. त्या दिवशी चाचांनी तसे सांगितले असते तर आम्ही रागावलो असतो, कदाचित दुसरा मिस्त्री शोधला असता. तरीही त्यांनी सांगावयास हवे होते, असे आज आम्हास वाटते आणि त्यांनाही वाटत असे. पुढे ते हयात होते तोवर पाण्याखालच्या मालाची निवड आम्ही त्यांच्यावरच सोपवली आणि त्यांच्या मजुरीवर कधी घासाघीस केली नाही.

तो जखमी तरुण आता तरुण राहिलेला नाही. तो आमच्या दुकानात काम करतो. मीटरची पट्टी डाव्या हाताने धरून तो कापड मोजतो आणि त्याचे माप कधी चुकत नाही. दरवर्षी जून महिन्यात होडी वर आली की तो आमच्यासोबत खाडीवर येतो. त्या वर्षीचा बोल्ट बाहेर निघाला की आधी तो हातात घेतो, कानसेने चरा पाडतो, उजेडात धरून पाहतो. मग त्यावर सालाची चिठ्ठी बांधून तो बोल्ट बटणांच्या एका रिकाम्या डब्यात टाकतो आणि त्याच्या जागी नवा बोल्ट बसतो. डबा आमच्या गल्ल्याशेजारी असतो. त्यात सर्वांत तळाशी २०११ सालचा गुलाबी तुकडा आहे.

कोणी बांधव रत्नागिरीस आले तर दुकानावर अवश्य यावे. कापड घेतले नाही तरी चालेल, तो डबा आम्ही दाखवू.